ब्रॅम स्टोकर

अब्राहम ऊर्फ ब्रॅम स्टोकर (८ नोव्हेंबर, १८४७ : क्लॉन्टार्फ, डब्लिन, आयर्लंड – २० एप्रिल, १९१२ : लंडन, इंग्लंड) हे इंग्रजी भाषेत लिहिणारे आयरिश कादंबरीकार, कथाकार व नाट्यव्यवस्थापक होते. १८९७ साली प्रसिद्ध झालेली 'ड्रॅक्युला' ही भयकादंबरी त्यांची सर्वांत प्रसिद्ध साहित्यकृती होय. भयकथांबरोबरच त्यांनी साहसकथा, प्रेमकथा, मुलांसाठीच्या कथा, चरित्रपर लेखन आणि न्यायालयीन कारकुनांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथही लिहिला.

आयुष्याचा बहुतेक काळ स्टोकर यांनी लेखन हा फावल्या वेळचा उद्योग म्हणूनच केला. प्रथम ते डब्लिनमध्ये सरकारी नोकर होते. त्यानंतर सुमारे २७ वर्षे ते प्रख्यात नट सर हेन्री आयर्विंग यांचे आणि त्यांच्या लंडनमधील लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. हयातीत त्यांची ओळख मुख्यतः आयर्विंग यांचे सहकारी अशीच होती. 'ड्रॅक्युला'ची जगभर पसरलेली कीर्ती ही त्यांच्या मृत्यूनंतरची घटना आहे.

बालपण व कुटुंब

स्टोकर यांचा जन्म डब्लिनच्या उत्तरेकडील क्लॉन्टार्फ या समुद्रकाठच्या वस्तीत झाला. वडील अब्राहम स्टोकर हे डब्लिन कॅसल या ब्रिटिश प्रशासनाच्या मुख्यालयात नोकरीस होते. आई शार्लट थॉर्नली या आयर्लंडच्या पश्चिम भागातील स्लायगो येथील होत्या. सात भावंडांत ब्रॅम तिसरे. कुटुंब प्रॉटेस्टंट पंथीय व मध्यमवर्गीय होते.

निदान न झालेल्या एका आजारामुळे स्टोकर वयाच्या सातव्या वर्षापर्यंत जवळजवळ अंथरुणालाच खिळून होते. या काळात आईने सांगितलेल्या गोष्टी हे त्यांचे पहिले साहित्य ठरले. शार्लट यांनी १८३२ साली स्लायगोमध्ये आलेली पटकीची साथ लहानपणी प्रत्यक्ष पाहिली होती. ओस पडलेली घरे, साथ गावात शिरू नये म्हणून वाटसरूंना अडवणारे भयभीत गावकरी आणि मेलेला समजून उचलून नेलेल्या पण जिवंत निघालेल्या माणसाची हकिगत त्या मुलांना सांगत. पुढे मुलाच्या विनंतीवरून त्यांनी या आठवणी लिहूनही काढल्या. नजरेस न पडणारे संकट बाहेरून येते आणि घरोघरी शिरते, ही कल्पना स्टोकर यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते, तिचा उगम अभ्यासक या आठवणींत शोधतात. 'अंडर द सनसेट' या बालकथासंग्रहातील अदृश्य राक्षसाची कथा तर उघडपणे साथीच्या रोगावरच बेतलेली आहे.

आजारातून उठल्यावर त्यांची प्रकृती पूर्णपणे सुधारली आणि ते उंच, धिप्पाड व काटक तरुण झाले. त्यांचे थोरले बंधू विल्यम थॉर्नली हे नामवंत शल्यचिकित्सक झाले. धाकटे बंधू जॉर्ज हेही डॉक्टर होते. त्यांनी रशिया–तुर्कस्तान युद्धाच्या काळात बाल्कन प्रदेशात काम केले व त्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. दोन्ही भावांच्या ज्ञानाचा ब्रॅम यांना लेखनात उपयोग झाला.

शिक्षण

१८६४ साली स्टोकर यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला व १८७० मध्ये पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेत ते खेळाडू म्हणून विशेष गाजले. महाविद्यालयाच्या तत्त्वज्ञानविषयक मंडळाचे अध्यक्षपद व इतिहासविषयक वादसभेचे प्रमुखपद अशी दोन्ही मानाची पदे त्यांनी भूषविली. तत्त्वज्ञान मंडळात त्यांनी वाचलेला पहिला निबंध कथावाङ्मयातील व समाजातील सनसनाटीपणा या विषयावर होता.

याच काळात अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांच्या कवितेने ते भारावून गेले. व्हिटमन यांच्यावर तेव्हा अश्लीलतेचे आरोप होत आणि महाविद्यालयात त्यांची टिंगल केली जाई. स्टोकर यांनी १८७२ मध्ये व्हिटमन यांना एक दीर्घ व अत्यंत मोकळे पत्र लिहिले, पण ते पाठविण्याचे धैर्य त्यांना चार वर्षे झाले नाही. १८७६ मध्ये पाठविलेल्या पत्राला व्हिटमन यांनी आपुलकीने उत्तर दिले. पुढे १८८४ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना स्टोकर यांनी त्यांची भेट घेतली.

सरकारी नोकरी व पहिले लेखन

वडिलांप्रमाणेच स्टोकर डब्लिन कॅसलच्या सेवेत रुजू झाले. कनिष्ठ न्यायालयांचे निरीक्षक म्हणून त्यांना आयर्लंडभर फिरावे लागे. खेड्यापाड्यांतील न्यायालयांमध्ये नोंदी, दंड व शुल्क यांबाबत एकवाक्यता नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी या न्यायालयांतील कारकुनांच्या कर्तव्यांविषयी एक ग्रंथ सिद्ध केला. तो १८७९ साली प्रसिद्ध झाला. रुक्ष विषयावरचे हे पुस्तक त्यांच्या स्वभावाची एक बाजू स्पष्ट करते : नोंदी, तारखा व कागदपत्रे यांची त्यांना मनापासून आवड होती.

दिवसभराच्या नोकरीनंतर संध्याकाळी ते नाटके पाहत. डब्लिनच्या वृत्तपत्रांत नाटकांची दखल नीटपणे घेतली जात नाही, असे वाटल्याने त्यांनी १८७१ पासून 'डब्लिन ईव्हनिंग मेल'साठी विनामोबदला नाट्यसमीक्षा लिहिण्यास सुरुवात केली. या वृत्तपत्राच्या मालकांपैकी एक होते शेरिडन ल फानू, आयरिश भयकथेचे श्रेष्ठ लेखक. त्यांची 'कार्मिला' ही रक्तपिपासू स्त्रीची कथा याच सुमारास प्रसिद्ध झाली.

स्टोकर यांची पहिली कथा 'द क्रिस्टल कप' १८७२ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. १८७५ मध्ये 'द प्रिमरोज पाथ' ही दारूच्या व्यसनाने झालेल्या अधोगतीची कादंबरी डब्लिनच्या 'द शॅमरॉक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. याच काळात सर विल्यम व लेडी वाइल्ड यांच्या घरी त्यांचे येणे-जाणे होते. हे दांपत्य, म्हणजे नाटककार ऑस्कर वाइल्ड यांचे आईवडील, आयरिश लोककथा व लोकसमजुतींचे संग्राहक होते. सर विल्यम यांना प्राचीन ईजिप्तविषयीही आस्था होती.

हेन्री आयर्विंग यांची भेट

डिसेंबर १८७६ मध्ये हेन्री आयर्विंग डब्लिनमध्ये 'हॅम्लेट'चे प्रयोग करीत होते. स्टोकर यांचे परीक्षण वाचून आयर्विंग यांनी त्यांना भेटीस बोलावले. एका रात्री जेवणानंतर आयर्विंग यांनी टॉमस हुड यांची एका खुनी शिक्षकावरील कविता निवडक मंडळींसमोर म्हणून दाखविली. तो आविष्कार इतका प्रभावी होता, की स्टोकर यांचा स्वतःवरील ताबा सुटला व ते ओक्साबोक्शी कोसळले. आयर्विंग यांनी त्यांना स्वाक्षरी केलेले छायाचित्र भेट दिले. या रात्रीपासून जडलेली निष्ठा स्टोकर यांनी आयर्विंग यांच्या मृत्यूपर्यंत व त्यानंतरही जपली.

१८७८ मध्ये आयर्विंग यांनी लायसियम नाट्यगृह स्वतःकडे घेतले आणि व्यवस्थापक म्हणून स्टोकर यांना पाचारण केले. स्टोकर यांनी निवृत्तिवेतनाची हमी देणारी सरकारी नोकरी सोडली. ४ डिसेंबर १८७८ रोजी त्यांनी फ्लॉरेन्स बालकम यांच्याशी विवाह केला. फ्लॉरेन्स यांच्याशी लग्न करण्याची ऑस्कर वाइल्ड यांचीही इच्छा होती. लगेच हे दांपत्य इंग्लंडला गेले आणि ३० डिसेंबर रोजी लायसियमचा पडदा 'हॅम्लेट'ने उघडला. १८७९ च्या अखेरच्या दिवशी जन्मलेल्या त्यांच्या एकुलत्या मुलाचे नावही आयर्विंग असे ठेवण्यात आले. मोठेपणी तो मात्र नोएल हे नाव वापरत असे.

लायसियममधील कामकाज

लायसियम हे त्या काळातील लंडनचे अग्रगण्य नाट्यगृह होते. आयर्विंग व अभिनेत्री एलन टेरी यांच्या प्रयोगांना राजघराण्यातील व्यक्ती, राजकारणी व परदेशी पाहुणे येत. तिकीटविक्री, हिशेब, नोकरवर्ग, जाहिराती, मेजवान्या आणि पाहुण्यांचे स्वागत ही सारी जबाबदारी स्टोकर यांच्यावर होती. आयर्विंग यांचा पत्रव्यवहारही तेच पाहत. या काळात त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या पत्रांची संख्या काही लाखांच्या घरात जाते.

१८८३ पासून आयर्विंग यांच्या मंडळीने अमेरिकेचे एकूण आठ दौरे केले. नट, तंत्रज्ञ, पोशाख व नेपथ्याचे अवजड सामान समुद्रापार नेणे, तेथे शहराशहरांतून आगगाडीने हलविणे आणि ठरल्या वेळी प्रयोग उभा करणे, हे काम स्टोकर यांच्या देखरेखीखाली चाले. रेल्वेच्या वेळापत्रकांशी त्यांचा रोजचा संबंध असे.

सप्टेंबर १८८२ मध्ये टेम्स नदीतील बोटीतून एका माणसाने आत्महत्येसाठी उडी घेतली. स्टोकर यांनी अंगातील कोट काढून त्याच्यामागे उडी मारली व त्याला बाहेर काढले. त्याला चेनी वॉक येथील त्यांच्या घरी नेण्यात आले. परंतु बंधू जॉर्ज यांच्या प्रयत्नांनंतरही तो वाचला नाही. या धाडसाबद्दल स्टोकर यांना रॉयल ह्यूमेन सोसायटीचे कांस्यपदक मिळाले.

नाट्यगृहाचा व्याप सांभाळतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व १८९० मध्ये ते बॅरिस्टर झाले. मात्र वकिली कधी केली नाही.

लेखनाची रीत

प्रयोग संपल्यानंतर आयर्विंग यांच्यासोबत रात्री उशिरापर्यंत बसणे हा स्टोकर यांच्या दिनक्रमाचा भाग होता. त्यामुळे सलग लेखनासाठी मुख्यतः उन्हाळ्याची सुटी उरे. उरलेल्या दिवसांत ते टिपणे काढीत, संदर्भ शोधीत आणि आराखडे तयार करीत. हाती लागेल त्या कागदावर टिपण करण्याची त्यांची सवय होती. 'ड्रॅक्युला'च्या टिपणांतील काही पाने लायसियमच्या तसेच हॉटेलांच्या नावाच्या कागदांवर आहेत. १८९० ते १८९७ या काळात ते लंडन लायब्ररीचे सभासद होते. या ग्रंथालयातील काही पुस्तकांच्या समासात त्यांच्या टिपणांशी जुळणाऱ्या खुणा असल्याचे २०१८ मध्ये आढळून आले.

१८९३ पासून ते सुटीसाठी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्रूडन बे या कोळ्यांच्या गावी जाऊ लागले. कड्यावर उभा असलेला स्लेन्सचा किल्ला, खडकाळ किनारा आणि वादळी समुद्र यांच्या सान्निध्यात त्यांनी 'ड्रॅक्युला'चा बराच भाग लिहिला. याच परिसरात 'द वॉटर्स माऊ' (१८९५) ही चोरट्या व्यापाराची कथा आणि 'द मिस्टरी ऑफ द सी' (१९०२) ही साहसकादंबरी घडते.

वाङ्मयीन प्रभाव

स्टोकर यांच्या लेखनावर अनेक प्रवाहांचा परिणाम झालेला दिसतो. आईच्या गोष्टी व आयरिश लोककथा हा पहिला प्रवाह. दुसरा भयकथांच्या परंपरेचा : जॉन पॉलिडोरी यांच्या 'द व्हॅम्पायर' (१८१९) या कथेने उच्चकुलीन रक्तपिपासू इंग्रजी साहित्यात आणला होता, तर ल फानू यांच्या 'कार्मिला'ने त्या विषयाला दूरच्या स्टायरिया प्रांताची पार्श्वभूमी दिली होती. 'ड्रॅक्युला'च्या सुरुवातीच्या आराखड्यातही कथा स्टायरियातच घडणार होती. विल्की कॉलिन्स यांच्या 'द वूमन इन व्हाइट'प्रमाणे अनेक व्यक्तींच्या लेखी निवेदनांतून कथा सांगण्याची पद्धत स्टोकर यांनी स्वीकारली.

रंगभूमीचा प्रभावही तितकाच मोठा होता. लायसियमवर १८८५ मध्ये 'फाउस्ट' व १८८८ मध्ये 'मॅकबेथ' ही नाटके भव्य स्वरूपात सादर झाली. 'फाउस्ट'मध्ये आयर्विंग सैतानाच्या भूमिकेत होते. उंच, कृश, हुकमत गाजविणारा आणि इतरांना आपल्या इच्छेने वागविणारा काउंट ड्रॅक्युला आयर्विंग यांच्यावर बेतला असल्याचे मत अनेक चरित्रकार मांडतात.

प्रवासी व संशोधकांच्या भेटींचाही त्यांच्यावर ठसा उमटला. त्यांपैकी सर रिचर्ड बर्टन यांचा भारतीय वाङ्मयाशी संबंध होता. मुंबई इलाख्यात लष्करी सेवा केलेल्या बर्टन यांनी वेताळ पंचविशीतील निवडक कथा १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या होत्या. बर्टन यांचा करारी चेहरा व बोलताना दिसणारा सुळा यांचे वर्णन स्टोकर यांनी पुढे आपल्या आठवणींत केले. हंगेरियन प्राच्यविद्यापंडित आर्मिन व्हांबेरी यांच्याशी त्यांची १८९० मध्ये भेट झाली. 'ड्रॅक्युला'त त्यांचा नामोल्लेख एका विद्वान मित्राच्या रूपाने येतो.

'ड्रॅक्युला'ची जडणघडण

या कादंबरीसाठीच्या टिपणांतील सर्वांत जुनी तारीख मार्च १८९० मधील आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्टोकर कुटुंबासह यॉर्कशायरमधील व्हिटबी या बंदरगावी राहिले. तेथील ग्रंथालयात त्यांनी विल्यम विल्किन्सन यांचा वालाचिया व मोल्डाविया या प्रदेशांवरील १८२० सालचा ग्रंथ वाचला. त्यात ड्रॅक्युला नावाच्या सरदाराचा उल्लेख व त्या नावाचा स्थानिक भाषेत सैतान असा अर्थ होतो, अशी तळटीप होती. स्टोकर यांनी ती उतरवून घेतली. तोपर्यंत त्यांच्या खलनायकाचे नाव काउंट वॅम्पायर असे होते. ते खोडून त्यांनी ड्रॅक्युला हे नाव लिहिले.

व्हिटबीने त्यांना आणखीही बरेच दिले. १८८५ मध्ये 'दिमित्री' नावाचे नार्व्हा बंदरातून निघालेले रशियन जहाज तेथील किनाऱ्यावर आदळले होते. स्टोकर यांनी तटरक्षकांकडून त्याची माहिती मिळविली. कादंबरीत हे जहाज 'डिमीटर' झाले आणि नार्व्हाच्या अक्षरांची उलटापालट होऊन बंदर व्हार्ना झाले. कड्यावरील भग्न मठ, चर्चच्या आवारातील थडग्यांवरची नावे आणि कोळ्यांच्या बोलीतील शब्द त्यांनी टिपून ठेवले.

ट्रान्सिल्व्हेनियाला स्टोकर कधीही गेले नाहीत. त्या प्रदेशाची माहिती त्यांनी प्रवासवर्णनांतून, विशेषतः एमिली जेरार्ड यांच्या तेथील अंधश्रद्धांवरील लेखातून (१८८५) घेतली. लांडगारूपी माणसांविषयी सबाइन बेअरिंग-गुल्ड यांचा ग्रंथ त्यांना उपयोगी पडला. डोक्याला झालेली इजा व तीवरील शस्त्रक्रिया यांबाबत बंधू थॉर्नली यांनी त्यांना टिपण करून दिले.

ड्रॅक्युला म्हणजे पंधराव्या शतकातील वालाचियाचा क्रूर राजा व्लाड तिसरा, असा समज १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन सर्च ऑफ ड्रॅक्युला' या पुस्तकामुळे रूढ झाला. मात्र स्टोकर यांच्या टिपणांत व्लाड हे नाव किंवा त्याने शत्रूंना सुळावर चढविल्याच्या कथा आढळत नाहीत. स्टोकर यांनी इतिहासातून मुख्यतः एक नाव व थोडी पार्श्वभूमी घेतली आणि पात्र स्वतः रचले.

कादंबरीची रचना लेखकाच्या रोजच्या कामाशी जवळचे नाते सांगते. संपूर्ण कथा रोजनिशी, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे व जहाजाची नोंदवही यांतून उलगडते. स्टोकर यांनी घटनांचे दिनदर्शिकेनुसार वेळापत्रक आखले होते आणि गाड्यांच्या वेळाही टिपल्या होत्या. जोनाथन हार्कर हा जमिनीच्या व्यवहारासाठी पाठविलेला तरुण कायदेपंडित आहे. त्याची पत्नी मीना लघुलिपी व टंकलेखन जाणते. विखुरलेल्या सर्व नोंदी ती टंकलिखित करून तारीखवार लावते आणि एका वेळी अनेक प्रती काढते. ड्रॅक्युला मूळ कागद जाळून टाकतो, परंतु तिजोरीत ठेवलेली दुसरी प्रत वाचते. शतकानुशतकांचे वय असलेल्या दैत्याचा माग चोख नोंदी, नकला व वेळापत्रके यांच्या साहाय्याने काढला जातो. निरीक्षक व व्यवस्थापक म्हणून अंगी बाणलेली शिस्त स्टोकर यांनी येथे भयकथेच्या कामी लावली. ड्रॅक्युलाला स्वतःचे निवेदन दिलेले नाही. इतरांच्या नोंदींतूनच तो दिसतो, आणि त्यामुळे त्याची भीती अधिक वाढते.

प्रकाशन व स्वागत

हस्तलिखितावर 'द अन-डेड' असे शीर्षक होते. ते छपाईपूर्वी बदलण्यात आले. नाट्यरूपांतराचे हक्क राखण्यासाठी १८ मे १८९७ रोजी लायसियममध्ये कादंबरीचे घाईने तयार केलेले नाट्यवाचन झाले. ते चार तासांहून अधिक चालले. आयर्विंग यांना ते मुळीच आवडले नाही, अशी आख्यायिका आहे. काउंटची भूमिका त्यांनी कधीच केली नाही.

२६ मे १८९७ रोजी आर्चिबाल्ड कॉन्स्टेबल आणि कंपनीने पिवळ्या कापडी बांधणीत व तांबड्या अक्षरांत कादंबरी प्रसिद्ध केली. किंमत सहा शिलिंग होती. ती स्टोकर यांनी आपले मित्र, कादंबरीकार हॉल केन यांना त्यांच्या टोपणनावाने अर्पण केली. परीक्षणे संमिश्र परंतु बहुतांशी अनुकूल होती. आई शार्लट यांनी पत्रातून मुलाचे मनापासून कौतुक केले आणि या पुस्तकामुळे त्याला नाव व पैसा मिळेल, असा विश्वास व्यक्त केला. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, तरी केवळ त्यावर जगता येईल इतके उत्पन्न लेखकाला मिळाले नाही. अमेरिकेत कायद्यानुसार आवश्यक पूर्तता न झाल्याने तेथील स्वामित्वहक्कही निसटले.

इतर साहसकथा व भयकथा

'द स्नेक्स पास' (१८९०) ही स्टोकर यांची आयर्लंडमध्ये घडणारी साहसकादंबरी होय. पश्चिम आयर्लंडमधील सरकती दलदल, तिच्यात गडप झालेला फ्रेंच सैन्याचा खजिना आणि गरीब शेतकऱ्यांच्या जमिनी गिळणारा सावकार हे तिचे विषय आहेत. निरीक्षक म्हणून केलेली भटकंती या कादंबरीतील निसर्गवर्णनांत दिसते. 'द मिस्टरी ऑफ द सी' या कादंबरीत स्पॅनिश आरमाराचा खजिना, सांकेतिक लिपी व भविष्य दिसण्याची शक्ती यांची गुंफण आहे.

'द ज्युएल ऑफ सेव्हन स्टार्स' (१९०३) ही ईजिप्तची राणी तेरा हिच्या ममीला पुन्हा जिवंत करण्याच्या प्रयोगाची कथा आहे. मूळ आवृत्तीचा भीषण शेवट १९१२ च्या आवृत्तीत बदलून सुखान्त करण्यात आला. 'द लेडी ऑफ द श्राउड' (१९०९) मध्ये बाल्कन प्रदेशातील काल्पनिक राज्यात कफन पांघरून वावरणारी स्त्री प्रथम रक्तपिपासू वाटते. पुढे कथा राजकीय साहसाकडे वळते आणि तीत विमानाचाही उपयोग होतो. 'द लेअर ऑफ द व्हाइट वर्म' (१९११) ही त्यांची अखेरची कादंबरी. तिची रचना विस्कळीत मानली जाते. लघुकथांमध्ये 'द जजेस हाउस' (१८९१) व 'द स्क्वॉ' (१८९३) या विशेष प्रसिद्ध आहेत.

आयर्विंग यांच्यानंतर

फेब्रुवारी १८९८ मध्ये लायसियमच्या नेपथ्याच्या कोठाराला आग लागून अनेक नाटकांचे साहित्य भस्मसात झाले. आयर्विंग यांची प्रकृतीही ढासळली. नाट्यगृहाचा ताबा एका कंपनीकडे गेला आणि १९०२ मध्ये तेथील त्यांचे प्रयोग थांबले. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी दौऱ्यावर असताना ब्रॅडफर्ड येथे आयर्विंग यांचे निधन झाले.

स्टोकर तेव्हा ५७ वर्षांचे होते. आयर्विंग यांच्या मृत्यूने त्यांचा मित्र आणि उपजीविकेचे साधन ही दोन्ही एकाच वेळी गेली. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि दृष्टीवरही परिणाम झाला. तशा स्थितीत त्यांनी आयर्विंग यांच्या आठवणींचे दोन खंड पूर्ण केले. ते १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. आता लेखन हेच उपजीविकेचे साधन झाले. त्यांनी वृत्तपत्रांसाठी लेख लिहिले आणि १९०८ मध्ये विन्स्टन चर्चिल यांची मुलाखत घेतली. त्याच वर्षी कथावाङ्मयावर नियंत्रण असावे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. भयकादंबरीकाराची ही भूमिका अभ्यासकांना आजही विसंगत वाटते. 'फेमस इम्पॉस्टर्स' (१९१०) हा प्रसिद्ध तोतयांवरील ग्रंथही याच काळातला.

१९११ मध्ये त्यांनी आजारपण व आर्थिक अडचणींमुळे रॉयल लिटररी फंड या लेखकांना साहाय्य करणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला. संस्थेने त्यांना १०० पौंड मंजूर केले.

निधन

२० एप्रिल १९१२ रोजी लंडनमधील सेंट जॉर्जेस स्क्वेअर येथील घरी स्टोकर यांचे निधन झाले. 'टायटॅनिक' जहाज बुडाल्याला तेव्हा पाचच दिवस झाले होते आणि वृत्तपत्रांचे रकाने त्या दुर्घटनेने भरले होते. मृत्युलेखांत आयर्विंग यांचे निष्ठावान व्यवस्थापक व चरित्रकार म्हणून त्यांचा गौरव झाला. कादंबऱ्यांना दुय्यम स्थान मिळाले. मृत्यूच्या नेमक्या कारणाविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. गोल्डर्स ग्रीन येथे त्यांच्यावर दहनसंस्कार करण्यात आले.

मरणोत्तर कीर्ती

१९१३ मध्ये स्टोकर यांच्या ग्रंथसंग्रहाचा लंडनमध्ये लिलाव झाला. त्यात 'ड्रॅक्युला'च्या टिपणांना केवळ दोन पौंड दोन शिलिंग मिळाले. ही टिपणे १९७० पासून फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. १९१४ मध्ये फ्लॉरेन्स स्टोकर यांनी पतीच्या कथांचा 'ड्रॅक्युलाज गेस्ट' हा संग्रह प्रसिद्ध केला.

१९२२ मध्ये जर्मनीत 'नॉस्फेरातू' हा मूकपट परवानगीशिवाय 'ड्रॅक्युला'वरून तयार झाला. फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही काही प्रती वाचल्या. १९२४ मध्ये हॅमिल्टन डीन यांनी केलेले अधिकृत नाट्यरूपांतर रंगभूमीवर आले. १९२७ मध्ये ते ब्रॉडवेवर पोहोचले आणि बेला लुगोसी यांनी साकारलेला काउंट १९३१ च्या चित्रपटामुळे जगभर ओळखला जाऊ लागला. आयर्विंग यांनी जी भूमिका केली नाही, तिने पुढे अनेक नटांना नाव मिळवून दिले.

स्टोकर यांच्या कल्पनेचा प्रवास पुढील लेखकांतून चालू राहिला. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांनी 'सेलम्स लॉट' (१९७५) मध्ये ड्रॅक्युलाची कल्पना आधुनिक अमेरिकन गावात आणली. मराठीत नारायण धारप यांची 'लुचाई' ही कादंबरी त्याच कृतीवर आधारलेली आहे. स्टोकर यांची कथा अशा रीतीने दोन वळणे घेऊन मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

प्रमुख ग्रंथ

• अंडर द सनसेट (१८८१) – बालकथा
• द स्नेक्स पास (१८९०) – कादंबरी
• द वॉटर्स माऊ (१८९५) – लघुकादंबरी
• द शोल्डर ऑफ शास्ता (१८९५) – कादंबरी
• ड्रॅक्युला (१८९७) – कादंबरी
• मिस बेटी (१८९८) – कादंबरी
• द मिस्टरी ऑफ द सी (१९०२) – कादंबरी
• द ज्युएल ऑफ सेव्हन स्टार्स (१९०३) – कादंबरी
• द मॅन (१९०५) – कादंबरी
• पर्सनल रेमिनिसन्सेस ऑफ हेन्री आयर्विंग (१९०६) – आठवणी, दोन खंड
• लेडी अ‍ॅथलिन (१९०८) – कादंबरी
• स्नोबाउंड (१९०८) – कथासंग्रह
• द लेडी ऑफ द श्राउड (१९०९) – कादंबरी
• फेमस इम्पॉस्टर्स (१९१०) – चरित्रपर लेखन
• द लेअर ऑफ द व्हाइट वर्म (१९११) – कादंबरी
• ड्रॅक्युलाज गेस्ट (१९१४) – कथासंग्रह, मरणोत्तर